जित्या माणसाची घागर

धुळे, पश्चिम खानदेश
१४ मार्च १९५४

चुडामण,

मायना मुद्दाम गाळला आहे. सहा वर्षांत तू एक ओळ लिहिली नाहीस, तेव्हा आशीर्वादाचे शब्द आगाऊ खर्चायला मी तयार नाही. तुझा पत्ता नशिराबादच्या वना पाटलांनी दिला. सरकीच्या सौद्यासाठी ते खांडव्याला गेले होते. तिथल्या एका कापसाच्या जिनात कोपरापर्यंत काळ्या तेलात बुडालेला फिटर त्यांना दिसला, आणि तो तू निघालास. त्यांनी हाक मारली तर तू म्हणे हसलास. वना पाटलांकडे बघून हसायला तुला सवड आहे. असो.

काम आहे म्हणून लिहितो. जळगावचं घर आबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवलं. म्हणजे त्या घराचा मनस्तापही निम्मा तुझा. आजवर तुझ्या वाटणीचा मीच भोगत आलो.

पन्नास सालच्या दिवाळीपासून तिथे सोनगीरचं एक जोडपं भाड्याने राहतं. झुलाल आणि धुरपदाबाई. घर मागायला आला तेव्हा हा झुलाल हात जोडून म्हणाला, "मास्तर, आम्ही दोनच जीव शेतस. तुमनं घर देवघरनागत ठेवसूत." देवघरात धूप जाळतात, तेवढं त्याने खरं करून दाखवलं. पुढच्या दोन्ही खोल्यांत तो कच्च्या केळ्यांचे घड छातीइतके रचतो, दारं-खिडक्यांच्या फटीत गोणपाट कोंबतो आणि गोवऱ्यांची धुरी देतो. तीन-चार दिवसांत केळी पिवळी आणि भिंती काळ्या. न्यायशास्त्र शिकवताना आमचे शास्त्रीबुवा सांगत, की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं. आपल्या कौलांतून धूर दिसला की उद्या केळी स्वस्त, असं अनुमान आपली आळी करते. शास्त्रीबुवांपेक्षा आळीचं अनुमान कमी चुकतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. घड टांगायला त्याने माजघराच्या आढ्याला अकरा लोखंडी आकडे ठोकले. मी विचारलं, कुणाला विचारून? तर म्हणतो, "आढं मजबूत शे का नही ते पाहनं पडस ना, मास्तर!" ओसरीवर शेजाऱ्याची शेळी बांधू दिली आहे. मोरीचा दगड हलला की मला कार्ड, कौल सरकलं की मला कार्ड. आणि भाडं मात्र पाच तारखेला बिनचूक. हाच खरा वैताग आहे. थकवलं असतं तर अभिमनराव वकिलांनी त्याला कधीच बाहेर काढलं असतं. भिंतींच्या नासाडीवर दावा लावावा म्हटलं, तर आळीतला एकही माणूस साक्षीला येत नाही. प्रत्येकाच्या घरी आठवड्याला केळ्यांची एक फणी जाते. पलीकडच्या तानुबाई तर मला म्हणाल्या, "धूर? आम्हाला नाही बाई कधी दिसला." बोलताना तोंडात केळं होतं.

राहिला एकच मार्ग. सत्तेचाळीसच्या कायद्याप्रमाणे मालकाला स्वतःला घराची खरी गरज असेल तर भाडेकरूला उठवता येतं. मी पन्नास सालापासून धुळ्याच्या शाळेला बांधलेला. अभिमनराव म्हणाले, "मास्तर, भाऊबंद कुणी?" मी म्हटलं, आहे. दिवाळीनंतर दावा लावला: धाकटा भाऊ चुडामण जीवराम जळगावी संसार थाटायला येत आहे, सबब घर मोकळं मिळावं.

तुला विचारलं नाही, हे खरं आहे. विचारायला तुझा पत्ता नव्हता, हेही खरं आहे.

२८ एप्रिलला तारीख आहे. येऊन उभं राहायचं आणि सांगायचं, होय, मला घर हवं. एक वाक्य. मराठीत चालेल, संस्कृतात कुणी विचारणार नाही.

मागचं उकरायला हे पत्र नाही. अठ्ठेचाळीस साली शाळेच्या चाचणीत तुला माझ्या विषयात दोन गुण कमी पडले, मी तुझा मॅट्रिकचा फॉर्म पुढे पाठवला नाही, तू निघून गेलास. घडलं ते इतकंच. मागची खोली तू लावलेल्या कुलपात आहे. ती मी भाड्याने दिलेली नाही. किल्ली तुझ्याचकडे असेल, हरवली नसलीस तर.

तुझा भाऊ,
पंडित


धुळे
४ एप्रिल १९५४

चुडामण,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तोवर झुलालची कैफियत कोर्टात दाखल झाली. अभिमनरावांनी नक्कल पाठवली आहे. त्यातलं चौथं कलम जसंच्या तसं उतरवतो, कारण ते तुझ्याविषयी आहे:

"वादीचा भाऊ चुडामण हा मयत आहे. सबब त्यास राहण्यास घर लागते हे म्हणणे खोटे आहे. प्रतिवादीची पत्नी धुरपदाबाई ही सदर मयताचे नावाने दर आखाजीस सदर घरात घागर भरीत असते."

वाचलंस? दर आखाजीला, दर अक्षय्य तृतीयेला. म्हणजे तीन वेळा. आबा गेल्यावर आपण त्यांची घागर भरायचो तशी: लाल घागर, वर आंबा, पुढे पुरणपोळी आणि सांजोऱ्या, उंबऱ्यावर कुंकू, आणि नाव घेऊन पाणी. तुझ्या कुलपाच्या दारासमोर. आबांचं नाव घ्यायला मी धुळ्याला समर्थ आहे, आणि तिकडे एक परकी बाई माझ्याच घरात माझ्याच भावाला पितरांच्या पंगतीला बसवते!

रागाने टाक दाबून लिहितो आहे, कागद फाटला तर समजून घे. भाडेकरूने भिंतीत खिळा मारला तर काय करावं, हे कायद्यात आहे. मालकाचा भाऊ मारला तर काय, हे त्यात कुठेच नाही. मी दोनदा वाचून काढला.

अभिमनरावांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मास्तर, हे असं तुम्ही कधी बोललात का?" मी म्हटलं, बायका एक ऐकतात, आळी दुसरं सांगते, गैरसमज झाला असेल. झालाच असेल. लोकांना काय, कुलूप दिसलं की गोष्ट रचायची.

आता नुसतं नाव पुरत नाही. तू सध्या शब्दप्रमाणावर जिवंत आहेस, आणि शब्द माझा एकट्याचा आहे. न्यायाधीशांना प्रत्यक्ष हवं. पुढचं पत्र नोंदणीने पाठवणार होतो, त्याऐवजी हेच नोंदणीने करतो आहे. निदान सही तरी करावी लागेल.

पंडित


धुळे
१८ एप्रिल १९५४

पोचपावती आली. सही तुझीच आहे. 'ड' अजून तसाच उताणा पडतो. म्हणजे पत्रं पोचतात, तू ती हातात घेतोस, आणि मग काय करतोस? मशीन पुसतोस?

पावती दाखवून चालेल का, असं अभिमनरावांना विचारलं. ते म्हणाले, "सही कुणीही करतं, मास्तर. माणूस आणा."

दहा दिवस उरले. बुधवार, अकरा वाजता, जळगाव. उशिरा येण्याची सवय या एका दिवसापुरती सोड.

पं.


धुळे
३० एप्रिल १९५४

चुडामण,

तू आला नाहीस. दावा फेटाळला गेला.

हे दोन वाक्यांत संपवून पाकीट बंद करणार होतो. पण परवा जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळावं, वना पाटलांच्या तर मुळीच, हे मला चालणार नाही.

आधी धुरपदाबाई उभी राहिली. अभिमनराव तिला म्हणाले, "बाई, मास्तरांचा भाऊ जिवंत आहे."

"कोन सांगस?"

"मास्तरच सांगतात."

"मंग तो मरी गया हाई बी मास्तरनीच सांगेल शे. कोनता मास्तरनं आयकू?"

कोर्ट हसलं. कारकून तर फाईल तोंडापुढे धरून हसला. तो पाच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. तिथे कधी हसला नव्हता.

मग मला उभं केलं. शपथ झाली. न्यायाधीश वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ. म्हणाले, "मास्तर, भाडेकरूला घर देताना भाऊ वारल्याचं तुम्ही सांगितलंत का?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. 'तसं माझ्या स्मरणात नाही.' वकिलाने पढवलेलं, सुबक, कुठेही न अडकणारं. पण समोर ती बाई उभी होती आणि तिच्या तोंडावर रागबीग काही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की आपण पाणी कुणाला दिलं.

मी म्हटलं, "सांगितलं."

"मग तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हा."

आता तुला सांगतो ते कोर्टात कुणी विचारलं नाही. मागे एका पत्रात गैरसमज म्हणून लिहिलं, तोही खोटेपणाच. पन्नास सालच्या दिवाळीत झुलालने कुलपाकडे बोट करून विचारलं, "हाई खोली कोननी?" मी म्हटलं, भावाची. "तो कोठे ऱ्हास?" तुला जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मला ठाऊक नव्हतं तू कुठे राहतोस. आबा गेले तेव्हा तू सात वर्षांचा. तुला मी अंघोळ घातली, तुझी खरूज मी धुतली, आणि एका केळीवाल्याला मी काय सांगायचं, की तो कुठे आहे मला माहीत नाही? त्यावर तो विचारणार का माहीत नाही, मग कशावरून गेला, मग कुणाचं चुकलं. माणूस मेला म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. खरंच आला नाही. झुलालने "अरे देवा" म्हटलं आणि जागा बघायला लागला. बोलायला फार सोपं गेलं, त्याचीच मला पुढे भीती वाटली.

दोन गुण वाढवून द्यायला माझा हात धजला नाही, कारण ते खोटं झालं असतं. आणि अख्खा भाऊ खोडताना तोच हात अडला नाही. हा हिशेब तू कधीच केला असशील. मी परवा केला, भर कोर्टात, विद्यार्थ्यासमोर.

पण माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. तू आला असतास तर मला हे बोलावंच लागलं नसतं.

धुरपदाबाईचं पुढे ऐक. माझं उत्तर ऐकलं आणि ती जिथे उभी होती तिथेच कपाळावर हात मारून खाली बसली. "तीन आखाज्या! जित्ता मानूसले पानी पाजं मी! त्यानं आयुष्य कमी झाय व्हई तं पाप कोनले?" पट्टेवाल्याने तिला गप्प केलं. निकाल लागल्यावर मला वाटलं, जिंकली आहे, मिरवत जाईल. तर बाहेर निंबाखाली माझी वाट बघत उभी, झुलाल मागे मान खाली घालून.

"मास्तर, तुम्ही मास्तर शेतस म्हनीसन मी कधी इचारं नही," ती म्हणाली. "मना सासरनाच वाटना तो माले. घरना पोऱ्या, लगीन नही, कोनी पानी देनार नही. पानीबिगर तिसा ऱ्हाई म्हनीसन मी घागर भरी."

मी म्हटलं, "बाई, झालं ते झालं."

"कसं झालं? त्याले बलावा. आखाजीले मना हातनं जेवू द्या. जित्ता तोंडमा घास गया का तुमनं घर तुमले. कोर्ट काय बी सांगो. मी गठुडं बांधसू."

"आणि झुलालराव?" मी विचारलं.

झुलाल म्हणाला, "मी काय सांगू, मास्तर? घरमा तिनंच चालस."

तेव्हा असं आहे. ज्या घरासाठी मी सहा महिने वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या, ते कोर्टाने दिलं नाही आणि एक बाई एका जेवणावर देते आहे. आखाजी पाच मेला, बुधवारी आहे. तुला कुठेही काही बोलायचं नाही. पाटावर बसायचं, पुरणपोळी खायची. तुझ्याकडून याहून कमी मी कधी मागितलं नव्हतं. जेव, ते जातील, आणि मग हवं तर तूही जा. घर भाऊबंदांच्या ताब्यात तरी येईल.

तुझा भाऊ,
पंडित


जळगाव
९ मे १९५४

चुडामण,

तुझ्याच घराच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. शेजाऱ्याची शेळी कागदाकडे बघते आहे, कोपरा खाल्लेला दिसला तर तो माझा संताप नव्हे.

काल शाळा सुटीला लागली तशी पारोळ्याकडून मोटारीने आलो. वाटलं, एव्हाना घर रिकामं असेल, किल्ली तानुबाईंकडे असेल. दारात पाऊल टाकतो तर धुरपदाबाई समोर भाकरी थापते आहे. पुढची खोली स्वच्छ, सारवलेली, एक घड नाही, धूर नाही. मागे जाऊन बघतो तर तुझ्या खोलीचं कुलूप गेलेलं आणि आत केळी! आढ्यापर्यंत! तू लहानपणी जिथे झोपायचास त्या कोपऱ्यात गोवऱ्यांची रास.

मी जो ओरडलो, तो आळीने ऐकला. सहा वर्षं मी ती खोली उघडली नाही. आतली धूळसुद्धा तुझी म्हणून राखली. "कुणी उघडलं हे? कुणी?"

झुलाल घाबरून म्हणाला, "ज्यानं शे त्यानीच उघडं, मास्तर."

मग धुरपदाबाईने सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. तू मंगळवारी रात्रीच्या गाडीने आलास. आखाजीला तिच्या हातचं जेवलास, चार पुरणपोळ्या. ती रडत होती आणि तू वाढ म्हणत होतास. तिने बोलल्याप्रमाणे गाठोडी बांधून दारात ठेवली होती.

"मी बठ्ठं बांधी ठेयेल व्हतं. तो माले म्हने, 'अक्का, गाठी सोडा. कोठे जाशात?' मी म्हनं, मास्तरले शब्द देयेल शे. तो म्हने, 'घर मनं बी शे. अर्धं मनं. मना अर्धामा ऱ्हा.'"

मग तू बाजारातून पत्रा आणलास. दोन दिवस राबलास. तुझ्या खोलीच्या दाराला पत्रा ठोकून ती बंदिस्त केलीस, कौलांतून धुराडं काढलंस आणि त्याला दोरीने ओढायची झडप बसवलीस. धुरी देताना झडप बंद, केळी तयार झाली की उघड. धूर वर जातो, भिंतीला लागत नाही. माजघराच्या आढ्यातले अकरा आकडे उपटून तुझ्या खोलीत लावलेस. ज्या धुरासाठी मी कोर्टात माझी अब्रू धुऊन घेतली, तो तू हातोडीने आणि दोन पत्र्यांनी दोन दिवसांत घराबाहेर घातलास. काम चोख आहे. मी झडप ओढून पाहिली. खोट काढता येईना, याचाही राग आला.

दोन दिवस, चुडामण! जळगावहून धुळ्याला दिवसातून तीन मोटारी सुटतात.

मी धुरपदाबाईला विचारलं, "माझ्यासाठी काय निरोप दिला त्याने?"

ती भाकरी उलटत म्हणाली, "नमस्कार सांगा म्हने भाऊले. तब्येत जपा म्हने."

पंचवीस वर्षं मी मुलांच्या सबबी ऐकतो आहे. निरोप तिने तिथल्या तिथे, तव्यावर भाजला होता. मी म्हटलं, "बाई, खरं सांगा. तुम्ही तरी."

तिने तवा उतरवला. "काहीच बोलना नही, मास्तर. तुमनं नाव निंघं का उठीसन काम कराले लागे."

"आणि मी कोर्टात काय बोललो, ते?"

"माहीत व्हतं त्याले. तुमनी बठ्ठी पत्रं खिसामा व्हतीत. पाकिटं तेलनी काळी व्हयेल, मी सोता पाही."

त्यावर तिने मला पाटावर बसवलं आणि वाढलं. मी नको म्हणत होतो. भाडेकरूच्या घरी मालक जेवला की पुढच्या दुरुस्तीला नाही म्हणता येत नाही, हे मला कळतं. तरी जेवलो. जेवताना झुलालने मोरीच्या दगडाचा विषय काढलाच.

रात्रभर पुढच्या रिकाम्या खोलीत पडून मी तुला मनातल्या मनात फार वाईट बोललो. त्यातलं निम्मं इथे लिहिण्याजोगं नाही. माझी पत्रं खिशात घेऊन हिंडतोस आणि मला एक कार्ड टाकत नाहीस. परक्या बाईला अक्का म्हणतोस. माझ्या नावावर उठून हातोडी मारत बसतोस. हे असं वागायला मी तुला कधी शिकवलं, असं विचारणार होतो. पहाटे वाटलं, की उत्तर मलाच माहीत आहे.

घराचा विषय संपला. अपील करणार नाही, अभिमनरावांना सकाळीच सांगून आलो. ते म्हणाले, "मग आता मास्तर, गरज संपली?" मी छत्री उचलली आणि निघालो.

शाळा सात जूनपर्यंत बंद आहे. मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने निघतो, दुपारपर्यंत खांडव्याला येतो. स्टेशनवर येऊ नकोस. जिन मी विचारत येईन. तुझी एकच खोली आहे असं तू धुरपदाबाईला सांगितलंस. एक कोपरा पुरेल. मला पाहुणा म्हणून ठेवून घेऊ नकोस, कारण पाहुण्याला चौथ्या दिवशी परतीची गाडी कधी आहे असं विचारता येतं. मी भाडेकरू म्हणून येतो आहे. भाडं पाच तारखेला मिळेल, तक्रारी रोज मिळतील. आणि त्या सत्तेचाळीसच्या कायद्यासारखा तिकडेही एखादा असेलच. भाडेकरू एकदा आत आला की त्याला काढायला मालकाला खरी गरज सिद्ध करावी लागते. ते किती अवघड आहे हे मी करून पाहिलं आहे.

आता तू करून बघ.

पंडित